मान खाली म्हणजे होय

प्रोक्सेनोसने पेला ओठांना लावला तेव्हा डाव्या कोपऱ्यातून पाण्याची बारीक धार त्याच्या हनुवटीवर उतरली, आणि ती त्याला कळली नाही. खालचा ओठ पेल्याच्या कडेवर नीट बसत नव्हता. पेला परत घेताना मला त्याची जीभ दिसली. ती जाड झाली होती आणि तिच्या कडांवर दातांचे ठसे उमटले होते. पेला काशाचा, पाणी विहिरीचं गार, तरी त्याने धरलेली जागा माझ्या बोटांना गरम लागली.

देवाचा कौल घेऊन आलेल्या माणसाला घरच्या बाईने पहिलं पाणी द्यायचं, ही आमच्या थुरेनाची रीत. राजाची बायको बाळंतपणात गेली होती, म्हणून हे काम माझ्याकडे, राजाच्या थोरल्या बहिणीकडे आलं होतं. कौल एकट्याने ऐकायचा, वाटेत कुणाशी बोलायचं नाही, आणि राजाला सांगून होईपर्यंत डोक्यावरची पानांची माळ उतरवायची नाही, हीही रीतच. प्रोक्सेनोसने सगळं पाळलं होतं. माळेतली पानं सुकून त्याच्या घामेजल्या कपाळाला चिकटली होती.

सभाघरात म्हातारी मंडळी बाकांवर बसली होती. माझा भाऊ एखेलास उभा होता. तो कधी बसून ऐकत नसे.

खरं तर तो ऐकतच नसे. समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत थांबणं त्याला लहानपणापासून जमलं नाही. माणसाने दोन शब्द उच्चारले की उरलेले हा पुरे करायचा. बहुतेक वेळा ते बरोबर निघत, हेच वाईट होतं. लोक कौतुकाने म्हणत की आपल्या राजाला आपलं मन दिसतं. म्हातारा तेलेसोन बोलायला फार सावकाश होता. तो तर सभेत उभा राहून राजाकडेच बघत बसे. "मला काय म्हणायचंय ते तूच सांग बाबा, आपण दोघंही लवकर घरी जाऊ," असं तो एकदा म्हणाला होता आणि सगळे पोट धरून हसले होते.

"पुढच्या कापणीआधी," प्रोक्सेनोस म्हणाला, "तुमच्या भिंतींच्या आत येईल..." तो थांबला. त्याने जीभ टाळूला लावून पाहिली, पुन्हा सोडली. "येईल... ल्ल... ल्यि..."

"लिमोस," एखेलास म्हणाला.

लिमोस म्हणजे दुष्काळ, भूक. लोइमोस म्हणजे मरी. धडधाकट जिभेला त्या दोन शब्दांत फरक करायला काही लागत नाही, पण सुजलेली जीभ मधलं वळण घेऊ शकत नाही.

मान पुढे झुकवली की होय आणि हनुवटी वर उचलली की नाही, हे आमच्याकडे रांगतं मूलही जाणतं. मी प्रोक्सेनोसच्या बाजूला, हातभर अंतरावर उभी होते. त्याची हनुवटी वर गेली. फार नाही, बोटभर. मग त्याची मान पुढे आली आणि छातीवर टेकली. सभाघराने ती मान पाहिली. बाकांवरून हुंकार उठला. प्रोक्सेनोस गुडघ्यांवर कोसळला तेव्हा लोकांना वाटलं की भार उतरला म्हणून बसला. संध्याकाळपर्यंत तो गेला. मधल्या वेळात त्याच्या तोंडून एकही शब्द निघाला नाही.

भुकेचं नाव एखेलासच्या ओठांवर कायमच होतं. आम्ही तीन भावंडं होतो. लहानपणी आलेल्या दुष्काळात आईने कातडी पट्टे उकळून आम्हाला पाणी पाजलं, आणि धाकटा लिकोस त्या पाण्यावर जगला नाही. एखेलास राजा झाला तेव्हा त्याने पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर धान्याची कोठारं बांधली. मुलगी मिर्तिस ताटात भाकरीचा तुकडा टाकून उठली तर तो उचलून स्वतः खायचा. राजाने उष्टं खावं हे लोकांना विचित्र वाटे. मला वाटत नसे.

दुसऱ्या दिवशी तो कोठारात जवाच्या राशीत कोपरापर्यंत हात घालून ओल बघत होता. तिथे मी त्याला गाठलं.

"हनुवटी आधी वर गेली होती," मी म्हणाले.

"कुणाची?"

"प्रोक्सेनोसची. तू तो शब्द उच्चारलास, त्याची हनुवटी वर गेली, आणि मग..."

"मग मान खाली आली. सगळ्यांनी पाहिलं, ताई."

"खाली आली नाही, पडली. त्यात फरक..."

"फरक असतो, माहीत आहे. तू बाजूला होतीस. मी समोर होतो."

"हनुवटी बाजूनेच दिसते."

तो हसला. "वैद्याशी संसार करून तुला सगळीकडे दुखणीच दिसायला लागली. भावोजींनी जाताना तेवढं तरी बरोबर न्यायला हवं होतं."

"पुन्हा कुणाला तरी पाठव. एकच शब्द विचारून यायचाय."

"देवाला दोनदा विचारायचं? तो सांगतो आणि थुरेनाच्या राजाला समजत नाही, असं..." इथे त्याने स्वतःचंच वाक्य अर्धं सोडलं. जव झटकून हात बाहेर काढला आणि म्हणाला, "कोरडं आहे. टिकेल."

मग जे झालं ते सगळं त्याने चांगल्यासाठी केलं. खालच्या वाड्या-वस्त्यांवरचं धान्य आणि माणसं भिंतींच्या आत आणली. देवळाच्या ओवऱ्यांत, गोठ्यांत, जिन्यांखाली माणसं राहू लागली. आमच्या अंगणात तीन कुटुंबं होती. मिर्तिसने त्यांच्या पोरांना आपल्या खोलीत झोपवलं. धान्याच्या वासाने बाहेरचे भुकेले गोळा होतील, आणि दयेपोटी कुणीतरी वेस उघडेल, ही त्याची भीती होती. म्हणून त्याने सगळ्यांकडून शपथ घेतली. नवी कापणी होईपर्यंत वेस बंद राहील. जो कुणी "उघडा" म्हणेल, तो लहान असो की मोठा, त्याला वेशीपाशीच दगडांनी मारावं. प्रत्येक घराने एकेक दगड आणून वेशीच्या आतल्या बाजूला ठेवला. पहिला दगड एखेलासने ठेवला. दुसरा मी ठेवला, कारण तो आमच्या घराचा होता आणि शपथ न घेणाऱ्याला आत जागा नव्हती.

एकटा गोर्गोस आत आला नाही. त्याच्या आईचं दूध आम्ही दोघं प्यालो होतो. समोरच्या डोंगरावर तो मेंढ्या राखायचा. वेस लागत असताना एखेलासने भिंतीवरून त्याला हाक मारली.

"मेंढ्यांना तुझा कौल कळत नाही रे," गोर्गोस खालून म्हणाला. "त्या चरायचं म्हणतात."

"भुकेने मरशील."

"मेलो तर मेंढ्या तुझ्या. पण मोजून घे, नाहीतर म्हणशील गोर्गोसने एक खाल्ली."

प्रोक्सेनोसची बायको पहिली गेली. मग तिचा भाऊ, मग त्यांच्या ओसरीवर उतरलेली माणसं. ताप, जाड जीभ, काखेत गाठ. नवऱ्याबरोबर मी बऱ्याच दुखण्यांच्या उशाशी बसले होते, त्यामुळे मला हे कुठून कुठे जातंय ते दिसत होतं. ज्या घरात जास्त माणसं कोंबली होती तिथे ते जास्त होतं. भिंतींच्या आतच वरच्या टोकाला, धनगरांच्या उघड्या पालात, वाऱ्यावर, कुणीच आजारी नव्हतं. मी हे एखेलासला सांगितलं. तो म्हणाला, धनगर काटक असतात.

कोठारं भरलेली राहिली. पुढे पुढे ठरलेला वाटा घ्यायलाही लोक येईनात. विहिरीवर बायका म्हणत, राजाने भुकेचा बंदोबस्त फार चांगला केला, आता भूक लागायला माणसं तेवढी शोधायला हवीत.

कुंभाराची विधवा हेदिस्ते तिथे घागर घेऊन उभी असायची. तिची तिन्ही मुलं गेली होती, पण ती असताना भरायची तशीच घागर ती अजूनही काठोकाठ भरून न्यायची. एका सकाळी एखेलास विहिरीवरून चालला होता. हेदिस्तेने घागर खाली ठेवली.

"वेस उघडा म्हणते मी," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "ऐकू येतंय का कुणाला?"

बायकांचे हात दोरावर थांबले. एखेलासही थांबला. मी त्याच्या मागे होते, मला त्याची मान तेवढी दिसत होती. अर्ध्या शब्दावरून वाक्य ओळखणारा माणूस रहाटाकडे बघत राहिला.

"या रहाटाला कुणीतरी तेल घाला," तो म्हणाला. "इतका करकरतो की काही ऐकू येत नाही."

रहाट त्या वेळी फिरत नव्हता. हेदिस्ते वाचली. मी भावाच्या बाजूने आनंद मानायला हवा होता. पण मला त्या दिवशी खात्री पटली की त्याला सगळं कळलेलं आहे.

गोर्गोस रोज संध्याकाळी भिंतीखाली येऊ लागला. तो मेला नव्हता. उलट चांगला अंगाने भरला होता. हातातल्या काठीला अंजिरांची माळ अडकवून तो वर बघत ओरडायचा.

"अरे एखेलास, तुझा दुष्काळ मला कुठे सापडेना रे. डोंगर पालथा घातला. मेंढ्यांनाही विचारलं."

भिंतीवरची माणसं खाली बघत, मग राजाकडे बघत.

"अंजिरं झाडावर फुटतायत. हरभरा वाळतोय, काढायला हात नाहीत. मिका आहे का तिथे? मिका, तुझा भाऊ ऐकत नसेल तर कानाला धरून आण त्याला इकडे. लहानपणी आणायचीस तसा."

"आता कान लागत नाहीत हाताला," मी वरून म्हणाले.

"अरे, नुसता एक शब्द म्हण," गोर्गोस भावाला म्हणाला. आता तो थट्टा करत नव्हता. "हळू म्हण. मी कुणाला सांगणार नाही."

"दूर हो," एखेलास म्हणाला. "नाहीतर..." पण नाहीतर काय, ते त्याला सुचलं नाही.

त्या रात्रीनंतरच्या सकाळी आमच्या अंगणातल्या एका पोराला ताप चढला. ते मिर्तिसच्या अंथरुणावर झोपत असे. मी सरळ एखेलासकडे गेले.

"मिर्तिसला दोर बांधून भिंतीवरून खाली सोडते," मी म्हणाले. "गोर्गोस झेलेल. पोरगी अजून धड आहे. आज आहे. उद्याचं सांगता येत नाही."

"राजाची मुलगी तेवढी बाहेर, आणि बाकीच्यांच्या..."

"मग बाकीच्यांनाही."

राजा म्हणून तो बरोबर बोलत होता, आणि त्याचाच मला राग आला.

"तुला कळलंय," मी म्हणाले. "कधीपासून?"

"प्रोक्सेनोसची बायको गेली तेव्हापासून."

"मग म्हणून टाक. दगडांची भीती वाटते का?"

त्याने हनुवटी वर उचलली. खरं होतं, दगडांना तो भीत नव्हता. "म्हटलं तर ही सगळी माणसं कशाने मेली, ताई? आज ती मरीने मेलीत. देवाने पाठवलेल्या. त्यांची माणसं रडतात, देवाला नैवेद्य दाखवतात, झोपी जातात. मी म्हटलं, की दुसऱ्या क्षणापासून ती मेली माझ्या..."

"तोंडाने," मी म्हणाले.

त्याचं वाक्य आयुष्यात पहिल्यांदा मी पुरं केलं. तो माझ्याकडे बघत राहिला. अर्ध्या वाटेवर आपला शब्द दुसऱ्याने काढून घेतला की कसं वाटतं, ते त्याला बहुधा कुणी कधी दाखवलं नव्हतं.

"थोडे दिवस बघू," तो म्हणाला. "कदाचित ओसरेल."

मिर्तिस त्याच आठवड्यात पडली. सकाळी ती वेणी घालता घालता थांबली आणि म्हणाली, "आत्या, फणी जड लागतेय." मी तिच्या कपाळाला हात लावला. नंतर मी तिला तोंड उघडायला सांगितलं नाही. काय दिसेल ते मला माहीत होतं.

तिचं लग्न ठरलं होतं. पेटीत लोकरीचं वस्त्र होतं, तिने स्वतः विणलेलं, काठ तेवढा राहिला होता. तापात ती बोटं हलवत राही, जणू धागा ओढतेय. एखेलास तिच्या उशाशी बसला. मुलगी जन्मली तेव्हापासून मी त्याला कुठेही इतका वेळ बसलेला पाहिला नव्हता. तिसऱ्या प्रहरी, उन्हं खिडकीच्या चौकटीवर आली असताना तिने डोळे उघडले.

"बाबा," ती म्हणाली. हा शब्द स्पष्ट आला. मग तिने जीभ हलवली, ओठ गोल केले. "उ..."

"उशी?" एखेलास लगेच म्हणाला. "उशी वर घेऊ? मान अवघडली का?"

तिची हनुवटी वर गेली. बोटभर. मग मान कलली आणि बापाच्या हातावर आली.

त्याने तरीही उशी उचलली. ती हातात धरून तो तसाच राहिला. बाजूने हनुवटी दिसते हे मी त्याला एकदा सांगितलं होतं. आज तो बाजूला बसला होता.

ती पुन्हा बोलली नाही. ऊन चौकटीवरून उतरायच्या आत सगळं संपलं. तिला काय म्हणायचं होतं, ते मलाही ठाऊक नाही. खिडकी उघडा म्हणत असेल, खोलीत उकडत होतं. वेस उघडा म्हणत असेल. किंवा दोन्ही नसेल, आणखी काही असेल, जे आम्हा दोघांना सुचणारही नाही.

"ताई," बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "लिकोस शेवटी काय म्हणत होता?"

"तू त्याला विचारलंस, भाकरी का. तो काही बोलला नाही."

त्याने उशी परत तिच्या डोक्याखाली ठेवली, हळू, कडा नीट करून.

बंद वेशीमुळे मेलेल्यांना आम्ही वेशीच्या आतल्या अंगाला, भिंतीलगतच्या पट्टीत पुरत होतो. दुसऱ्या सकाळी मिर्तिसला तिथे आणलं. न विणलेल्या काठाचं वस्त्र मी तिच्यावर घातलं. दगडांची रास बाजूलाच होती. तिच्या फटींतून गवत उगवलं होतं आणि वरच्या दगडावर एक सरडा ऊन खात बसला होता.

सभेची म्हातारी मंडळी आधीच येऊन उभी होती. जितकी उरली होती तितकी. त्यांच्यामागे लोक. हेदिस्ते घागर घेऊन आली होती, हात धुवायला पाणी लागतं म्हणून. राजाचं घर बुडाल्यावर आता सभा राजाकडे काय मागणार, हे तिथल्या प्रत्येकाच्या मनात होतं. एखेलासच्याही असणार.

तेलेसोन पुढे झाला. त्याने तोंड उघडलं आणि सवयीने राजाकडे पाहिलं.

"राजा," तो म्हणाला. "आम्ही... आम्ही सगळे..."

एखेलास थांबला.

तेलेसोन गोंधळला. त्याने वाट पाहिली, पण त्याचं वाक्य कुणी उचललं नाही. त्याला पुढे जाणं भाग पडलं. त्याने ओठ ओले केले. "आम्ही सगळे इथे... सकाळपासून..." मागे कुणीतरी खोकलं. बाहेरून, भिंतीपलीकडून, मेंढीच्या गळ्यातली घंटा ऐकू आली. एखेलासचे ओठ हलत होते, तरी त्याने ते मिटून धरले. मी त्याच्याजवळ होते. त्याच्या जबड्याची शीर उडताना मला दिसत होती.

"आम्ही पोरीला खांदा द्यायला आलोय," तेलेसोन म्हणाला. "एवढंच. दुसरं काही नाही."

असं वाक्य राजाला आधी कधीच ओळखता आलं नसतं. त्याने मान पुढे झुकवली, पूर्ण, सावकाश, कुणालाही चुकीचं वाटू नये अशी. म्हाताऱ्यांनी तिला उचललं आणि त्या पट्टीत ठेवलं. एखेलासने पहिली माती टाकली. मी दुसरी टाकली. मग तो वळला आणि दगडांच्या राशीपाशी जाऊन उभा राहिला. सरडा पळाला. वरचा दगड त्याचा नव्हता, त्याचा सगळ्यांत खाली होता.

"प्रोक्सेनोसचं बोलणं मी पुरं होऊ दिलं नाही," तो म्हणाला. "त्याने हनुवटी वर करून नाही म्हटलं होतं. माझ्या बहिणीने ते पाहिलं आणि मला सांगितलं. मी ते मानलं नाही, आणि मानलं तेव्हा बोललो नाही. देवाने मरी म्हटलं होतं. भूक म्हणालो तो मी."

हेदिस्तेने घागर खाली ठेवली. ती मातीवर टेकल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"वेस उघडा," एखेलास म्हणाला. "आधी पोरांना बाहेर काढा, वाऱ्यावर, वेगवेगळी ठेवा, ताई सांगेल कसं ते. ती सगळी डोंगरावर पोचली, की मग इकडे या आणि आपापला दगड उचला."